रिझर्व्हवरची गाडी

मुलांनो, आधी डोळे मिटा. पूर्ण मिटा, बोटांच्या फटीतून बघणारे मला लगेच कळतात. आता कल्पना करा, की तुम्ही एका लहानशा पांढऱ्या मोटारीत मागच्या सीटवर बसला आहात. मे महिना आहे. सीट तापलेली आहे आणि तिला सुक्या बांगड्यांचा बारीकसा वास येतो आहे. तो का, ते पुढे कळेल. तुमचे बाबा पुढे बसून चावी फिरवतात आणि इंजिन सुरू व्हायच्या आतच, तुम्ही बसला आहात त्याच्या बरोबर खालून आवाज येतो : कुंऽऽऽई. कोणीतरी कुत्र्याचं पिल्लू पातेल्याखाली झाकून ठेवावं आणि त्याने आतून आपली तक्रार सांगावी, तसा. गाडी निघाली की तोही निघतो. गाडीने वेग घेतला की तोही घेतो.

उघडा डोळे. तुमची सुटका झाली. परटवण्याला राहणाऱ्या दीपक शिवलकरांची झाली नव्हती. गाडीतून उतरल्यावरही तो आवाज त्यांच्या कानात राहायचा. जेवताना ते घास हातातच धरून थांबायचे आणि बायकोला विचारायचे, "येतोय का गं?"

"तो शेजारचा मिक्सर आहे," नम्रता म्हणायची. "जेवा."

दीपकराव जेवायचे, पण एक कान अंगणात ठेवून.

दीपकराव सरकारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करतात. जिल्ह्यातल्या गावागावांच्या विहिरींवर जे पाण्याचे पंप आहेत, ते बिघडले की सरपंच त्यांना फोन करतात. उन्हाळ्यात तर त्यांचा फोन गरम असतो आणि त्यांचा आवाज त्याहून गरम. फोनवर दीपकराव कोणाची गय करत नाहीत. वाघ आहेत. पण तोच माणूस फोनमधून निघून समोर येऊन उभा राहिला, आणि हसून "दीपकराव, एक काम होतं" म्हणाला, की त्यांच्या घशात एक शब्द अडकतो. फार मोठा शब्द नाही. दोनच अक्षरं आहेत. 'नाही'. हा शब्द त्यांना समोरच्याच्या तोंडावर आजवर म्हणता आला नव्हता. आणि ज्याच्याकडे मोटार आहे त्याला हा शब्द म्हणता येत नसेल, तर मोटार त्याची राहत नाही, हे तुम्ही आत्ताच लिहून ठेवा. पुढे मोठेपणी उपयोगी पडेल.

त्यांच्या घरांच्या रांगेत चारचाकी त्यांची एकट्याची होती. स्टेशन राहिलं लांब, वर कुवारबावला. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे गाड्या भरभरून उतरायचे आणि प्रत्येकाला आणायला कोणीतरी जावंच लागायचं. शेजारच्या घरात त्यांचा चुलतभाऊ रूपेश राहायचा. रूपेशकडे लायसन्स होतं, गाडी नव्हती. दादाकडे गाडी होती, पण ती कचेरीची वेळ सोडली तर नुसती उभी असायची. ही सोय देवानेच करून ठेवली आहे, अशी रूपेशची खात्री होती. त्याच भावनेने तो एकदा हर्ण्याहून सुक्या बांगड्यांची गोणी मागच्या सीटवर घालून घेऊन आला. वासाचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मागच्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. दीपकरावांची मुलगी पूर्वी नाट्यछटा करते. नाट्यछटा म्हणजे एकटीनेच उभं राहून बोलायचं, आणि समोर नसलेली माणसंही लोकांना दिसली पाहिजेत. देवरूखला मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची मोठी स्पर्धा होते. मागच्या वर्षी त्या सकाळी पूर्वी शर्टपँट घालून, काजळाची झुपकेदार मिशी काढून पायरीवर तयार बसली होती. गाडी रूपेशने पहाटेच नेली होती, "हा गेलो आणि हा आलो" म्हणून. ट्रेन उशिरा आली. पाहुण्यांना वाटेत भूक लागली. मग त्यांना शहाळं प्यावंसं वाटलं. रूपेश परत आला तेव्हा देवरूखची स्पर्धा संपून बक्षिसंसुद्धा वाटून झाली असतील. पूर्वी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. मोरीवर जाऊन तिने मिशी धुतली आणि काही न बोलता चित्रं काढत बसली.

रात्रभर दीपकराव कुशी बदलत राहिले. सकाळी ते तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की."

"शब्द?" पूर्वीने विचारलं.

"शब्द," ते म्हणाले.

शब्द तर दिला. पण तो पाळायचा तर रूपेशला 'नाही' म्हणायला हवं, आणि त्याची तर सोय नव्हती. मग दीपकरावांनी डोकं चालवलं. त्यांनी गाडीत पेट्रोल ठेवणंच बंद केलं. म्हणजे अगदी बंद नाही. कचेरीत जाऊन यायला आणि पंपापर्यंत पोचायला लागेल एवढंच. काटा कायम खाली टेकलेला, लाल दिवा कायम लागलेला. कोणी गाडी मागायला आलं की दीपकराव तोंड भरून म्हणायचे, "ने की, विचारतोस काय? फक्त पेट्रोल नाहीये हं त्यात." मागणारा दिव्याकडे बघायचा, वरच्या चढाकडे बघायचा आणि म्हणायचा, "राहू दे. रिक्षाच बरी." कोणी दुखावलं नाही, कोणाला 'नाही' म्हटलं नाही. जे त्यांना म्हणता येत नव्हतं ते गाडी त्यांच्या वतीने म्हणत होती. वर्षभर ते या युक्तीवर इतके खूश होते की लाल दिवा लागला नाही तर त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं.

आणि मग एप्रिलअखेरीस गाडी केकाटायला लागली.

पहिला सल्ला जानूकाकांनी दिला. जानूकाका पलीकडच्या घरात राहतात. जन्म मासेमारीच्या लाँचीवर गेला, आता गुडघे समुद्रात जाऊ देत नाहीत. त्यांनी अंगणात येऊन, डोळे मिटून आवाज ऐकला आणि सांगितलं, "खाली कायतरी गुतलाय. जाळं असणार." मोटारीत जाळं कुठून येईल, असं दीपकरावांनी अदबीने विचारलं. जानूकाका म्हणाले की समुद्रातसुद्धा लोक असंच विचारतात, आणि गाडीखाली शिरले. आत बराच वेळ खुडबूड झाली. मग त्यांचा हात बाहेर आला, आणि हातात खरंच काथ्याची हातभर दोरी होती. आंब्याच्या पेट्यांना बांधतात तसली. मागच्या मोसमात गाडीतून आंब्याच्या पेट्या कोणी नेल्या होत्या ते विचारायची गरज नव्हती. रूपेश तिथेच उभा होता आणि तोही कौतुकाने दोरीकडे बघत होता. जानूकाकांनी दोरी सगळ्या घरांना फिरवून दाखवली. दीपकरावांनी गाडी सुरू केली. कुंऽऽऽई.

"आता दोरी नाही म्हणून रडतेय ती," जानूकाका म्हणाले आणि गुडघे चोळत घरी गेले.

दुसरा सल्ला धोंडूबाईंचा. धोंडूबाई सगळ्यांत वयस्क, आणि कुठल्याही वस्तूचं काही बिनसलं की त्या आधी राखणदाराशी, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाशी, बोलतात. त्यांच्या मते गाडी उभी करायची जागाच चुकली होती. राखणदाराची वाट अडली होती. त्यांनी बॉनेटसमोर नारळ ठेवून लांबलचक गाऱ्हाणं घातलं. त्यात दीपकरावांच्या आजोबांनी एकदा कबूल करून न दिलेला कोंबडाही निघाला. सगळे "होय महाराजा" म्हणाले. नारळ फुटला, खोबरं वाटलं. खोबरं खाता खाता पूर्वीने एवढंच म्हटलं की आवाज मागून येतो आणि गाऱ्हाणं पुढे घातलं. धोंडूबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आणखी एक नारळ घेऊन डिकीपाशी उभ्या राहिल्या.

इथे थांबून मी तुम्हाला पूर्वीची एक सवय सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. बिघाड शोधायचा तर आधी नीट ऐकावं लागतं, हे तिला कोणी न शिकवता ठाऊक होतं. मोठी माणसं गाडीभोवती उभी राहून बोलत असायची तेव्हा ती मागच्या सीटवर पालथी झोपून सीटला कान लावायची. "बाबा, नुसती चावी अर्धी फिरवा. इंजिन नको," म्हणायची. असं केल्यावर बाकीची गाडी गप्प असायची आणि फक्त तो आवाज एकटा ऐकू यायचा. एवढ्या वेळा ऐकून तो आवाज तिला पाठ झाला. तोंड जरासं मिटून, जीभ टाळूला लावून ती असा हुबेहूब काढायची, की दीपकराव दोनदा चावी हातात असताना गाडी बंद करायला धावले होते.

याची गरज गॅरेजमध्ये पडली. कारण असं, की गॅरेजमध्ये गाडी आवाज करेचना. साळवी स्टॉपच्या अलीकडे शिवाचं गॅरेज आहे. गॅरेजला निघायचं म्हणजे भर रस्त्यात गाडी बंद पडून शोभा नको, म्हणून दीपकराव आधी पंपावर जाऊन थोडं पेट्रोल घालून घ्यायचे. मग शिवापुढे गाडी अशी शांत उभी राहायची, जशी काही तुमच्यातली खोडकर मुलं मुख्याध्यापकांसमोर. तुमच्यातल्या हुशार मुलांनी आत्ताच भुवया वर केल्या असतील. करा, पण ओरडून सांगू नका, दीपकरावांना अजून कळायचंय.

"आवाज कसला म्हणता?" शिवाने विचारलं.

पूर्वीने काढून दाखवला. शिवाने हातातला पाना खाली ठेवला. "परत काढ बघू." तिने काढला. दोन गाड्या सोडून काम करणारे लोकही येऊन ऐकून गेले. शिवा म्हणाला, हा पेट्रोलच्या पंपाचा आवाज. पंप टाकीच्या आत असतो आणि टाकी मागच्या सीटखाली. तिथून तो पेट्रोल ढकलत पुढे इंजिनाला पाठवतो. इथवर शिवा अगदी बरोबर होता. मग त्याने हात पुसत विचारलं, "टाकीत पेट्रोल किती असतं साधारण?"

आता हा प्रश्न दीपकरावांना एकट्याला विचारला असता तर आपली गोष्ट इथेच संपली असती. पण बरोबर रूपेश आला होता. गाडी दादाची असली तरी तिच्या तब्येतीची काळजी त्यालाच जास्त. 'रिझर्व्हवरच असते' म्हणावं, तर वर्षभराची युक्ती रूपेशसमोर उघडी पडणार. 'भरपूर असतं' म्हणावं, तर रूपेश संध्याकाळीच चावी मागणार. दीपकरावांनी घाम पुसला. मग कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसालाच सुचेल असं उत्तर त्यांनी दिलं.

"असतं की. लागेल तेवढं."

शिवाने मान हलवली आणि तो प्रश्न सोडून दिला. पेट्रोल ठीक आहे म्हटल्यावर त्याने फिल्टर बदलला. मग मागची सीट उचलली. सीटखाली पूर्वीची हरवलेली रंगपेटी, आणि एक वाळून कडक झालेला बांगडा निघाला. सगळे बांगड्याकडे बघत राहिले. रूपेश म्हणाला, "बघ दादा. बांगडा आहे म्हणजे उंदीर आहे. उंदराने वायर खाल्लीन असणार."

घरी आल्यावर उंदीर पकडायला त्याने स्वतःचं मांजर आणून गाडीत सोडलं, काच बोटभर खाली ठेवून. मांजराने उंदीर शोधला नाही. जिथे बांगडा होता ती जागा शोधली आणि सीटचं कापड सगळं उकरून ठेवलं. दीपकराव कचेरीतून आले तेव्हा मांजर ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्यांच्याकडे असं बघत होतं, की क्षणभर त्यांनाच वाटलं आपण काहीतरी मागायला आलो आहोत.

दोन दिवसांत पेट्रोल पुन्हा तळाला गेलं आणि आवाज परत आला. आता दीपकरावांचा संशय पेट्रोलवरच गेला. भेसळ. कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं होतं की गिऱ्हाइकाने मागितलं तर पंपावर कागदाची परीक्षा करून दाखवावी लागते. टिपकागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोलात खोट, नाही राहिला तर चोख. ते इस्त्रीचा शर्ट घालून चढावरच्या पंपावर गेले. तिथल्या व्यवस्थापकाने तक्रार ऐकून घेतली, ओळखपत्र मागितलं, मागच्या भरण्याची पावती मागितली, मग कागद ज्या कपाटात होता त्याची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला आहे असं सांगितलं. दीपकराव उन्हात उभे राहिले. तो आला, कागद आला, पण कागदावर थेंब गिऱ्हाइकाने टाकायचा की पंपवाल्याने, यावर नियम बघावा लागला. मागे रिक्षांची रांग लागली. सगळे रिक्षावाले उतरून बघायला आले.

पेट्रोल घालणारी शमिका इतका वेळ गप्प होती. आता तिने दीपकरावांकडे नीट बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "हे ते काका ना, रोज थोडंथोडं घालतात ते?" ती व्यवस्थापकाला म्हणाली. "नळी लावायच्या आत बास म्हणतात. काका, एवढ्याशा पेट्रोलात भेसळ मावणार कुठे?"

रांगेतला एक रिक्षावाला इतका हसला की त्याला रिक्षाला धरून उभं राहावं लागलं. तो धाकू होता, दोन घरं पलीकडचा. थेंब कागदावर पडला, पसरला, उडून गेला. डाग राहिला नाही. डाग राहिला तो दीपकरावांच्या शर्टावर, कारण ऑइलने माखलेली नळी त्यांनीच हिसकून घेतली होती.

यानंतर त्यांना झोप लागेना. स्पर्धा परवावर आली होती. हातखंब्याच्या पुढे, रस्त्याचं काम चाललेल्या कुठल्याशा चढावर, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला लाल मातीचा ढीग, अशा जागी गाडी बंद पडली आहे आणि मिशी लावलेली पूर्वी दगडावर बसून आपल्याकडे बघतेय, असं त्यांना दिसायचं. ते उठून अंगणात जायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, टायरला पाय लावून बघायचे. टायरचा काही संबंध नव्हता. एसटीने जाऊ, असं नम्रता म्हणाली. पण एसटी पोचेपर्यंत स्पर्धा सुरू झालेली असते, हे त्यांनी मागच्या वर्षीच बघून ठेवलं होतं. आणि यंदा पहिलीच नाट्यछटा पूर्वीची होती.

आदल्या दिवशी दुपारी ते ओटीवर येरझारा घालत होते. आतल्या खोलीत पूर्वीचा सराव चालला होता. वर्षभर ती एवढंच सांगायची की नाट्यछटा एका साहेबावर आहे. दीपकरावांनी अर्धवट लक्ष दिलं. आतून आवाज आला, जाड, तिरसट, जरासा नाकातला.

"हॅलो. हां, बोला सरपंच. काय? पंप ओरडतोय? मग ओरडणारच. तुम्हाला कितीदा सांगितलं? पंप पाण्यात बुडालेला असला की गार राहतो, गप्प राहतो. विहीर आटली, पंप उघडा पडला, की तो तापतो आणि बोंबलतो. तळाचा गाळ ओढतो तो वेगळाच. विहीर आटेपर्यंत पंप चालवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

दीपकराव जागच्या जागी थांबले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो 'हां, बोला' ओळखीचा होता. मधे घेतलेला घोट, खुर्चीची कुरकुर, सगळं ओळखीचं होतं. ते दारात गेले. आत काजळाची मिशी लावून, पोट पुढे काढून, खांद्यात फोन धरल्यासारखी मान वाकडी करून त्यांची मुलगी उभी होती.

"हा साहेब कोण?" त्यांनी विचारलं.

"असाच एक," पूर्वी म्हणाली.

ते दुखावले. मी खोटं कशाला सांगू, चांगलेच दुखावले. मी असा नाकातून बोलतो का, हे ते नम्रताला विचारायला वळणार होते. पण पूर्वीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तिची मान अजून वाकडीच होती आणि ती खिडकीतून अंगणात बघत होती. मग तिने आपल्या नेहमीच्या आवाजात, अगदी हळू विचारलं, "बाबा, गाडीचा पंप कशात बुडालेला असतो?"

दीपकरावांनी पूर्वीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. जिल्ह्यातल्या सगळ्या सरपंचांना वर्षानुवर्षं खडसावलेलं एकेक वाक्य उलट फिरून त्यांच्याकडे येऊ लागलं. टाकी म्हणजे विहीर. ती वर्षभर आटवून ठेवणारा सरपंच कोण, हे विचारायला फोन लावायची गरज नव्हती.

आपल्या लाडक्या युक्तीला ते त्या दुपारी पंपावर घेऊन गेले आणि सोडून आले. शमिकाने सवयीने नळी उचलली आणि लगेच काढायच्या तयारीत उभी राहिली. दीपकराव खाकरले. "फुल्ल."

"काय?"

"टाकी फुल्ल कर."

तिने मीटरकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. व्यवस्थापकही केबिनबाहेर आला. वाटेत त्यांनी शिवालाही गाठलं. या वेळी बरोबर रूपेश नव्हता, म्हणून सगळं खरं सांगितलं. शिवाने पंप बाहेर काढून बघितला. पंपाच्या तोंडावरची जाळी तळाच्या गाळाने माखली होती, ती त्याने बदलली, आणि काट्याला पाव टाकीच्या खाली कधी जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. एवढं एक कराल तर बाकी काही करावं लागणार नाही, म्हणाला. मुलांनो, हे मी तुम्हालाही सांगून ठेवतो. तुमच्या घरी गाडी असेल तर काट्यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं.

घरी येताना गाडी इतकी शांत होती की दीपकरावांना चैन पडेना. पूर्वी मागे सीटला कान लावून पडली होती. "फक्त गुणगुणतोय," तिने कळवलं. "बरणीत भुंगा असल्यासारखा. आणि मग गप्प."

पण गाडी परटवण्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती. धाकू पंपाच्या रांगेत होता ना. फाटकातून आत शिरेपर्यंत जानूकाका म्हणाले, "भरलास म्हणतात टाकी." धोंडूबाईंना सकाळी देवळात जायचं होतं. जानूकाकांना बंदरावर कोणाला तरी भेटायचं होतं. आणि ओटीच्या पायरीवर रूपेश बसला होता, हसत.

"दादा, देवच पावला बघ. उद्या सकाळच्या गाडीने मावशी येतायत मुंबईहून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना रिक्षात चढवत नाही. हा गेलो आणि हा आलो."

उद्या सकाळी. तोच मे महिना, तीच ट्रेन, तेच वाक्य. दीपकरावांनी ओठ हलवले. दोन अक्षरांचा तो शब्द घशापर्यंत आला आणि तिथे बसून राहिला. टाकी फुल्ल होती. आता गाडी त्यांच्या वतीने काही बोलणार नव्हती. "अरे, पण..." ते म्हणाले. "म्हणजे उद्या जरा..."

"काळजी करू नको," रूपेश म्हणाला, आणि त्यांच्या हातातून चावी घेऊन गाडीत जाऊन बसला. "बघतो, आवाज गेलाय का ते." त्याने चावी अर्धी फिरवली. पंप हळूच गुणगुणला आणि थांबला. रूपेश मान डोलावणार, एवढ्यात मागून आलं : कुंऽऽऽई.

दीपकरावांचा चेहरा पडला. मग त्यांना मागच्या काचेतून एका वेणीचं टोक दिसलं.

रूपेशने क्षणभर ऐकलं. "आहे अजून," तो म्हणाला. "असू दे. कुरकुरली तरी स्टेशनपर्यंत जाईल." त्याने चावी काढली, दार लावलं आणि चावी बोटावर फिरवत तो पायरीकडे आला.

कुंऽऽऽई. आवाज चालूच होता. उलट वाढला होता.

रूपेश थांबला. त्याने वळून गाडीकडे पाहिलं. मग बोटावरच्या चावीकडे. जानूकाका फाटकापाशी उभे होते, त्यांनी डोळे मिटून कान दिला. धोंडूबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"दादा," रूपेश म्हणाला, "चावी तर माझ्या हातात आहे."

गाडी रडत होती, पूर्ण भरलेल्या टाकीने. एवढा लांब श्वास त्या लहान छातीत कुठून आला होता, कोण जाणे. दीपकराव ऐकत राहिले. आणि फोनवरच्या माणसाला बोलतात त्या आवाजात, फोन नसताना, ते बोलले.

"नाही. गाडी उद्या मिळणार नाही, रूपेश. पूर्वीला देवरूखला न्यायचंय. मावशींना धाकूच्या भावाची व्हॅन सांगतो मी. चावी दे."

रूपेशने चावी पुढे केली. "मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला, जरा दुखावून. "मी काय खाणार होतो तुला? गेल्या वर्षीसुद्धा तू 'ने' म्हणालास म्हणून नेली."

दीपकरावांनी हात पुढे केला. त्यांनी चावी घेतली. आवाज अजून थांबला नव्हता. जरा थरथरत होता, पण थांबला नव्हता. त्यांनी चावी शर्टाच्या खिशात टाकली, ती पैशांवर वाजली, आणि तेव्हा कुठे मागच्या सीटवर पूर्वी उठून बसली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. तिने एक मोठ्ठा श्वास घेतला, सगळ्यांकडे साहेबासारखी मान वाकडी करून पाहिलं, आणि दुपारच्या सरावात घामाने अर्ध्या पुसलेल्या मिशीला पीळ दिला.